गच्चीवरचा मोगरा, गॅलरीतला अनंत: जून २०२३ ते ऑगस्ट २०२५

पुण्यात, सहाव्या मजल्यावर, बोअरच्या पाण्यावर चाललेल्या दोन कुंड्यांच्या या नोंदी. मोगरा आणि अनंत मी एकाच दिवशी आणले, एकाच मातीत लावले आणि सुरुवातीचे महिने एकसारखेच वागवले. दोन्ही पांढरे, दोन्ही वासाचे, म्हणून दोघांचं सगळं सारखंच असेल असं मी धरून चालले होते. त्या समजुतीपायी अनंताचं एक अख्खं वर्ष गेलं. ज्यांच्या सोसायटीत बोअरचं किंवा टँकरचं पाणी येतं त्यांनी फेब्रुवारी २०२४ ची नोंद आधी वाचावी, मग बाकीचं.

२५ जून २०२३

नर्सरीतून बटमोगऱ्याचं रोप आणलं, १२० रुपये. अनंताचं २८० रुपयांना मिळालं, त्यावर चार कळ्या होत्या आणि त्या बघूनच घेतलं. नर्सरीतले काका म्हणाले, "दोन्ही उन्हाची झाडं आहेत ताई, रोज पाणी घाला, बास." १४ इंची सिमेंटच्या दोन कुंड्या ३५० प्रमाणे ७०० रुपये. दोन भाग लाल माती, एक भाग शेणखत, एक भाग कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) आणि दोन मुठी निंबोळी पेंड असं मिश्रण केलं, त्याचे ३६० रुपये. एकूण १,४६० रुपये झाले.

दोन्ही कुंड्या पूर्वेच्या गॅलरीत शेजारी शेजारी ठेवल्या. तिथे सकाळी सातपासून साडेदहापर्यंत ऊन असतं, नंतर नुसता उजेड.

४ जुलै २०२३

अनंताच्या चारही कळ्या गळल्या. आधी देठ पिवळा पडला, मग देठाशी काळपट झाला आणि बोट लावताच कळी हातात आली. नर्सरीत ते रोप हिरव्या जाळीखाली होतं, दिवसातून दोनदा पाण्याचा फवारा मिळत होता. माझ्या गॅलरीत वारा लागतो. जागा बदलली की अनंत कळ्या टाकतो हे तेव्हा माहीत नव्हतं. कळ्यांनी लगडलेलं रोप घेण्याच्या मोहात पडू नका. भरपूर पानं असलेलं, बुंध्याशी दोन-तीन फांद्या फुटलेलं रोप घ्या.

२० ऑगस्ट २०२३

मोगऱ्याला साडेतीन फुटांचे लांब, चाबकासारखे फुटवे आले आहेत. पानं मोठी, गडद, एकमेकांपासून लांब लांब. कळी एकही नाही. अनंताची नवी पालवी पोपटी आहे. नवी पानं पोपटीच असतात, म्हणून सोडून दिलं. ही चूक पुढे महागात पडली.

याच महिन्यात घरच्या फिल्टरचं वाया जाणारं पाणी बादलीत साठवून झाडांना घालायला सुरुवात केली. दिवसाला १५-२० लिटर पाणी मोरीत जातं ते बघवत नव्हतं.

१२ ऑक्टोबर २०२३

मोगरा अजून मुका. शेजारच्या काकूंचा मोगरा गच्चीवर आहे, त्यांनी एकदाच बघितलं आणि म्हणाल्या, "अगं, हा उन्हासाठी ताणतोय. याला वर ने." मोगऱ्याला निदान सहा तास थेट ऊन लागतं. ते मिळालं नाही तर तो नुसता वेल होतो. लिफ्टने दोन्ही कुंड्या गच्चीवर नेल्या. दोन्ही का नेल्या, तर दोन्ही "उन्हाची झाडं" ना.

२९ ऑक्टोबर २०२३

सतरा दिवसांत दोघांनी आपापलं उत्तर दिलं. मोगऱ्याने आखूड, कडक फुटवे काढले आणि त्यांच्या टोकांना नऊ कळ्या. अनंताची पश्चिमेकडची पानं कडेने भाजली, तपकिरी आणि कुरकुरीत. गच्चीची फरशी दुपारी पाय ठेवू देत नाही, कुंडी बाहेरून तापते आणि आतल्या मुळ्या शेकतात. अनंताला सकाळचं कोवळं ऊन हवं आणि दुपारी सावली. त्याला पुन्हा गॅलरीत आणला. त्या दिवसापासून दोघांच्या जागा वेगळ्या झाल्या त्या आजतागायत.

१७ डिसेंबर २०२३

मोगऱ्याची छाटणी केली. पद्धत काकूंची, आणि ती बरोबर ठरली:

पंधरा दिवस आधी पाणी तोडलं. पूर्ण नाही, पण पानं मलूल होईपर्यंत द्यायचं नाही आणि मग जेमतेम तांब्याभर. पानं पिवळी होऊन गळायला लागली की कात्री घ्यायची. सगळ्या फांद्या मातीपासून फूटभरावर कापल्या, वाळक्या आणि काडीसारख्या बारीक होत्या त्या बुडातून काढल्या, उरलेली पानं हाताने खुडली. वरची दोन इंच माती उकरून चार दिवस उन्हात तापू दिली. मग घरच्या डब्यातलं कंपोस्ट दोन ओंजळी घालून भरपूर पाणी. मोगरा नव्या फुटव्यावरच फुलतो, म्हणून त्याला असा उपास आणि अशी कात्री लागते. छाटायला हात कचरतो त्यांच्या मोगऱ्याला थोडीच फुलं येतात.

हात लागलाच आहे तर अनंतही कापला. सगळे शेंडे सहा-सहा इंच. या अख्ख्या वहीतली सगळ्यात मोठी चूक हीच, आणि तिची किंमत कळायला चार महिने लागले. अनंताच्या कळ्या थंडीच्या दिवसांत, रात्री गार असताना, फांदीच्या शेंड्यांवर धरायला लागतात. त्या टाचणीच्या टोकाएवढ्या असतात, दिसतही नाहीत. मी त्या येत्या हंगामातल्या फुलांसकट कापून कचऱ्यात टाकल्या.

२ जानेवारी २०२४

अनंत पिवळा पडला आहे. सगळं झाड नाही, नुसता वरचा भाग. कुणीतरी सांगितलं, मॅग्नेशियम कमी पडलं, एप्सम सॉल्ट फवारा. ८० रुपयांचं आणून आठ दिवसांच्या अंतराने दोनदा फवारलं.

१५ जानेवारी २०२४

काही फरक नाही. आज संक्रांतीची सुट्टी होती, म्हणून गॅलरीत बसून एक एक पान नीट पाहिलं. खालची, जुनी पानं तुकतुकीत गडद हिरवी. वरची नवी पानं फिक्कट, जवळजवळ सायीच्या रंगाची, पण त्यातली शीर न् शीर हिरवी. जणू पानावर हिरव्या शाईने बारीक जाळी काढली आहे. सगळ्यात शेंड्याच्या पानात तर शिराही फिकट व्हायला लागल्या होत्या.

खूण इथेच होती. मॅग्नेशियम कमी पडलं तर झाड ते जुन्या पानांतून काढून नव्यांना देतं, म्हणून आधी जुनी पानं पिवळी पडतात. लोह मात्र जुन्या पानांतून हलत नाही, म्हणून त्याची टंचाई नव्या पानांत दिसते. माझ्या झाडाला लोह मिळत नव्हतं आणि मी दोन आठवडे मॅग्नेशियम फवारत होते. पानं पिवळी दिसली की औषध शोधण्याआधी कुठली पानं पिवळी आहेत ते बघा, वरची की खालची.

२१ जानेवारी २०२४

लोह द्यायचं म्हणून हिराकस (फेरस सल्फेट) आणलं, ६० रुपये. एक चमचा मातीवर पसरून पाणी घातलं. तिसऱ्या दिवशी माती गंजाच्या रंगाची झाली. कुंडीखालच्या फरशीवर तांबूस डाग पडला तो अजून गेलेला नाही. पानं तशीच्या तशी.

१० फेब्रुवारी २०२४

आईशी फोनवर बोलणं झालं. माहेरी, राजापूरजवळच्या घरी, विहिरीच्या वाटेवर अनंत आहे, माझ्या लहानपणापासून. पुरुषभर उंच. मी तिला सगळं सांगितलं, फवारे, हिराकस. ती म्हणाली, "आपल्याकडे कोण घालतंय त्याला खत? पाऊस पितो नि फुलतो. तुझं पाणी बघ आधी."

आईच्या सांगण्यावरून टीडीएस मीटर, म्हणजे पाण्यात विरघळलेले क्षार मोजणारं यंत्र घेतलं, ३५० रुपये, आणि सामू (पीएच; ७ च्या खाली आम्ल, वर अल्क) तपासायच्या कागदी पट्ट्या, १५० रुपये. आकडे असे आले:

सोसायटीचं बोअरचं पाणी: टीडीएस ७४०, सामू ८.
फिल्टरचं वाया जाणारं पाणी: टीडीएस १,१६०.
कुंडीतली वरची माती शुद्ध पाण्यात कालवून, निवळू देऊन: सामू ८.

म्हणजे बोअरच्या पाण्यातले क्षार फिल्टर गाळून वेगळे करतो आणि मी ऑगस्टपासून तेच गाळलेले क्षार अनंताला पाजत होते. पाणी वाचवण्याची इच्छा चांगलीच होती. ते पाणी फरशी पुसायला, संडासात ओतायला वापरावं. कुंडीतल्या झाडाला, त्यातून अनंताला, कधी नाही.

दुसरी गोष्ट कुंडीची. सिमेंटच्या कुंडीला आतल्या कडेने पांढरा थर चढला होता. चमच्याने खरवडून बशीत घेतला आणि त्यावर लिंबू पिळलं. बारीक फसफसून फेस आला. चुनाच तो. पाण्यातून येत होता आणि थोडा कुंडीच्या सिमेंटमधूनही. अनंताला सामू साधारण ५ ते ६ चा, आंबट अंगाचा लागतो. चुनखडीच्या मातीत लोह असतं, पण मुळांना घेता येईल अशा रूपात राहत नाही. हिराकसही म्हणूनच तीन दिवसांत गंजून गेलं. कोकणातली जांभ्याची माती मुळातच आम्ल, वरून पावसाचं मऊ पाणी. तिथे अनंताला कुणाची गरज लागत नाही याचं कारण हे.

आणि मोगरा? त्याच सिमेंटच्या कुंडीत, त्याच मातीत, अधूनमधून त्याच बादलीतलं पाणी पिऊन छाटणीनंतर कोंबांनी भरला आहे. त्याला सामू ७ च्या आसपास, थोडा वरही चालतो. इतके दिवस मोगऱ्याकडे बघून मी म्हणत होते की माती आणि पाणी ठीकच असणार.

फिल्टरचं पाणी आजपासून दोघांनाही बंद.

५ मार्च २०२४

मोगऱ्याचं पहिलं फूल. छाटणीला अकरा आठवडे झाले. फुटव्याच्या टोकाला कळ्या तीन तीन येतात, मधली आधी टपोरते आणि बाजूच्या दोघी मागून. संध्याकाळी साडेसहाला टिचलेली कळी रात्री नऊपर्यंत पूर्ण उमलली.

९ एप्रिल २०२४, पाडवा

मोगऱ्याच्या ६२ कळ्या खुडल्या. गुढीला घातलेल्या माळेत या वर्षी घरची फुलं. पहिला बहर संपला की फुललेल्या फांद्या दोन पेरं खाली खुडते, चार-पाच आठवड्यांत पुढचा बहर येतो.

अनंताला कळी नाही. शेंडेच नाहीत तर कळी कुठून येणार.

३ मे २०२४

कृषी सेवा केंद्रातून चिलेटेड लोह आणलं, म्हणजे मातीत गंजून जाऊ नये म्हणून दुसऱ्या रसायनात बांधून ठेवलेलं लोह. त्यात दोन प्रकार असतात. ईडीटीए स्वस्त, पण सामू साडेसहाच्या वर गेला की मातीत टिकत नाही, फवारणीला ठीक. ईडीडीएचए महाग, पण चुनखडीच्या मातीतही लोह धरून ठेवतं. दुकानदार पहिलं देत होते, मी पाव किलो दुसरं घेतलं, ४०० रुपये. दोन लिटर पाण्यात दोन ग्रॅम विरघळवलं, पाणी कोकमाच्या आगळासारखं लालभडक झालं. ऊन उतरल्यावर मातीत ओतलं. कपड्यांवर उडू देऊ नका, डाग पडतो.

२६ मे २०२४

नवी चार पानं हिरवी आली! आधीची फिक्कट पानंही बरीच सावरली, पण अगदी सायीच्या रंगाची झालेली दोन पानं कडेने करपली ती करपलीच. लोह दिल्याने झाड वाचलं, पण हा उपाय कायमचा नाही हे मला कळत होतं. माती आणि पाणी तेच राहिलं तर दर दोन महिन्यांनी हेच करावं लागेल.

गच्चीवर मोगऱ्याला लाल कोळी लागला. पानांवर सुईच्या टोकाएवढे पांढुरके ठिपके आणि पानामागे बारीक जाळं. रोज सकाळी पाइपने पानांच्या मागच्या बाजूवर जोरात पाणी मारलं, आठ दिवसांत आटोक्यात आला. औषध काहीच वापरलं नाही.

१६ जून २०२४

पाऊस लागला आणि अनंताची कुंडी बदलली. आईने भावाबरोबर दोन गोण्या जांभ्याची माती पाठवली होती. नवं मिश्रण: चार भाग जांभ्याची माती, तीन भाग पानांचं कुजलेलं खत, दोन भाग कोकोपीट, एक भाग जाड वाळू. पालाखत आणि कोकोपीट २२० रुपये. कोकोपीट तीन पाण्यांतून धुऊन घेतलं. पहिल्या पाण्याचा टीडीएस बघितला तर ९०० च्या वर, विकत आणलेल्या विटेत मीठ असतं. फिक्या रंगाची प्लास्टिकची कुंडी, १८० रुपये.

सिमेंटच्या कुंडीतून झाड काढताना हात कापत होते. अनंताला मुळं ढवळलेली आवडत नाहीत. मातीचा गड्डा तसाच ठेवून फक्त बाहेरचा बोटभर जाडीचा थर बोटांनी सुटा केला, पांढरट कण जितके निघतील तितके काढले. बुंधा आधी होता तितकाच मातीवर ठेवला, उलट किंचित वर. खोल पुरला तर कुजतो. दहा दिवस भिंतीच्या आडोशाला ठेवला. सहा पानं गळली. तेवढ्यावर निभावलं.

११ ऑगस्ट २०२४

दोन जुनी पन्नास लिटरची पिंपं गच्चीच्या पन्हाळीखाली लावली, तोंडाला डासांसाठी जुन्या ओढणीचं फडकं. पावसाच्या पाण्याचा टीडीएस २४. अनंत फक्त हेच पितो. पानं इतकी तुकतुकीत झाली आहेत की सासूबाईंनी विचारलं, "तेल लावलंस का गं त्याला?"

पण पानांच्या बेचक्यात कापसासारखे पांढरे पुंजके दिसले. पिठ्या ढेकूण. त्यांच्या चिकट स्रावावर मुंग्या येतात आणि खालच्या पानांवर काळी काजळी धरते. कापसाचा बोळा स्पिरिटमध्ये बुडवून एक एक पुंजका पुसला, मग लिटरभर पाण्यात ५ मिली कडुनिंबाचं तेल आणि थोडा साबण घालून आठवड्याच्या अंतराने तीन फवारे. तेल १६० रुपये. मुंग्यांची ये-जा बंद केल्याशिवाय ही कीड जात नाही, त्या तिला राखतात. कुंडी पाण्याच्या परातीत विटेवर उभी केली.

२४ नोव्हेंबर २०२४

पिंपं संपली. आता पुन्हा बोअर. लिंबूफूल (सायट्रिक अ‍ॅसिड) आणलं, ९० रुपये. दहा लिटर बोअरच्या पाण्यात ४ ग्रॅम टाकून ढवळलं की बुडबुडे येतात, तासभर ठेवून पट्टी लावली तर सामू ६ च्या जवळपास. माझ्या बोअरला ४ ग्रॅम लागतं, तुमच्याला किती ते पट्टीनेच ठरवा, कमी घालून हळूहळू वाढवत जा. उन्हाळ्यात एसीचं पाणी मिळेल, त्याचा टीडीएस १८ आहे, त्याला काही करावं लागत नाही.

लिंबूफुलाने क्षार कमी होत नाहीत, फक्त सामू उतरतो. म्हणून महिन्यातून एकदा कुंडीच्या बुडातून भरपूर वाहून जाईल इतकं साठवलेलं मऊ पाणी द्यायला हवं. एक पिंप त्यासाठी राखायला हवं होतं. पुढच्या वर्षी राखेन.

१५ डिसेंबर २०२४

मोगऱ्याची छाटणी, गेल्या वर्षीसारखीच. अनंताकडे कात्री नेली नाही.

१६ फेब्रुवारी २०२५

अनंताच्या शेंड्यांवर कळ्या आहेत. मोजल्या, २३. वाटाण्याएवढ्या, हिरव्या, प्रत्येकीला सहा धारांचा अंगरखा. रोज सकाळी चहा घेऊन आधी तिथे जाते.

६ एप्रिल २०२५

पाडव्यानंतर पाच दिवस माहेरी गेलो होतो. कुंडीत पाण्याची बाटली उलटी खोचून गेले. बाटलीचं तोंड मातीने बुजलं आणि पाणी आतच राहिलं. आल्यावर माती कडेने सुटलेली, ११ कळ्या खाली. मोगऱ्याची पानं सुकली होती, एक बादली पाणी मिळताच संध्याकाळपर्यंत उभा राहिला आणि दहा दिवसांनी आणखी कळ्यांनी भरला. अनंताला एक दिवसही कोरडं पडलेलं खपत नाही, आणि कायम चिखलही नको. बोट दोन पेरं मातीत घालून ओल बघायची, रोज. आता मातीवर वाळक्या पानांचं दोन इंचांचं आच्छादन घातलं आहे. गावाला जाताना काकूंकडे किल्ली आणि एसीच्या पाण्याच्या चार बाटल्या.

११ मे २०२५

पहिलं फूल.

काल संध्याकाळी कळी पिळदार झाली होती, समईसाठी वळलेल्या वातीसारखी, पाकळ्या एकाच दिशेने गुंडाळलेल्या, वर हिरवट आणि आतून पांढऱ्या. कळी पहिल्यांदा दिसल्यापासून तीन महिने वाट बघत होते. सकाळी सहाला गॅलरीचं दार उघडलं तर वास आधी आला. फूल तळहाताएवढं, पाकळ्या जाड, मेणासारख्या, त्यावर बोटाचा ठसा उमटतो म्हणून हात लावला नाही. सासूबाईंनी देवाला वाहायला मागितलं, मी म्हटलं, "आई, आजचा दिवस राहू दे." दुसऱ्या दिवशी सायीच्या रंगाचं झालं, तिसऱ्या दिवशी पिवळं. मोगऱ्याचं फूल रात्री उमलतं आणि दुसऱ्या दुपारपर्यंत कोमेजतं. हे झाडावरच तीन दिवस रंग बदलत बसतं.

१ जून २०२५

यंदा पाऊस मेमध्येच आला. मोगऱ्याला ते मानवलं नाही. शेवटच्या बहराच्या कळ्या भिजून तपकिरी झाल्या, त्यात जांभळट पडलेल्या, भोक असलेल्या कळ्या दिसल्या. एक उघडली, आत हिरवट अळी. अशा सगळ्या कळ्या, खाली पडलेल्याही, गोळा करून पिशवीत बांधून टाकल्या, कुंडीतल्या मातीत राहू दिल्या नाहीत. तेवढ्याने पुढच्या कळ्या बऱ्याच वाचल्या.

गॅलरीतला अनंत मात्र दमट हवेत खूश. उरलेल्या बारापैकी बाराही कळ्या उमलल्या.

६ जुलै २०२५

अनंताची शेवटची फुलं होऊन गेल्यावर छाटणी केली. वेळ हीच. आत्ता कापलं तर थंडीपर्यंत नवे शेंडे पिकतात. फक्त लांब गेलेल्या फांद्या एक तृतीयांश, बाकी हलक्या हाताने.

त्याच दिवशी काड्या लावल्या, आठ मोगऱ्याच्या, आठ अनंताच्या. मोगऱ्याच्या साध्या मातीत, सावलीत. अनंताच्या वाळू-कोकोपीटमध्ये, वरून प्लास्टिकची पिशवी, आतून दमट राहील अशी.

आज खर्चाची बेरीज केली. ३,१५० रुपये. त्यात मोगऱ्याच्या वाट्याला जेमतेम ६५०, रोप, कुंडी आणि माती. बाकी २,५०० अनंताचे. त्यातले ४९० निव्वळ वाया: सिमेंटची कुंडी, एप्सम सॉल्ट, हिराकस. टीडीएस मीटर पहिल्या दिवशी घेतला असता तर हे वाचलं असतं.

१७ ऑगस्ट २०२५

मोगऱ्याच्या आठपैकी सहा काड्या धरल्या. अनंताच्या दोन. बाकीच्या सहा तळाशी काळ्या पडल्या, पिशवी रोज थोडा वेळ उघडायची राहून गेली.

अनंताचं एक रोप शेजारच्या काकूंच्या मुलीला देणार आहे, ती पलीकडच्या पेठेत राहते. तिच्याकडे खडकवासल्याचं नळाचं पाणी येतं. बाटलीत मागवून मोजलं, टीडीएस ९६. तिला लिंबूफूल लागणार नाही. पूर्वेची खिडकी, मातीची किंवा प्लास्टिकची कुंडी आणि जांभ्याची उरलेली अर्धी गोणी, एवढं सोबत देते आहे.